बाजारांतला हिशेब आणि शाळेंतलें गणित

लहान मुलांस बेरीज-वजाबाकी कशी शिकवावी, हा प्रश्न वर्तमानपत्राच्या अग्रलेखांत चर्चा करण्याजोगा आहे काय, असें आमचे कांहीं वाचक विचारतील. विधिमंडळांतील वाद, धानाचे भाव आणि रेल्वेच्या तक्रारी सोडून संपादक पंतोजीच्या पाटीकडे कां वळला, असेंही कोणी म्हणेल. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, ज्या माणसास आपल्या मजुरीचा हिशेब स्वतः पडताळून पाहतां येत नाहीं, त्यास विधिमंडळानें दिलेला हक्क आणि बाजारानें दिलेला भाव या दोहोंचाही उपयोग दुसऱ्याच्या मर्जीवर करावा लागतो. कागदावर काय लिहिलें आहे हें वाचतां न आल्यानें जितकीं घरें बुडतात, तितकींच त्या कागदावरील आंकड्याचा अर्थ न कळल्यानें बुडतात. वकिली करणाऱ्या कोणासही हें निराळें सांगावयास नको.

तुमसर तालुक्याच्या उत्तर टोंकास, बावनथडीच्या खोऱ्यांत, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत नाकाडोंगरी हें गांव आहे. याच परिसरांत डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीजच्या खाणी आहेत. बाकीचा मुलूख जंगलाचा व धानाच्या बांध्यांचा. उन्हाळ्यांत तेंदूपानांचा हंगाम आला कीं अशा गांवांतील घरेंचीं घरें भल्या पहाटे जंगलांत जातात व दुपारीं सावलीला बसून पुडकीं बांधतात. महाराष्ट्रांत सत्तर पानांचें एक पुडकें. सीमा ओलांडून पलीकडे गेलें कीं पन्नास पानांची एक गड्डी. मजुरीचा हिशेब पुडक्यांच्या शेंकड्यावर. आईजवळ बसून हात लावणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या पोराची वाचकांनीं कल्पना करावी. तें पानें पांच-पांचांनीं मोजतें. पुडकें पुरें होण्यास किती पानें उरलीं आणि शेंकडा भरण्यास किती पुडकीं कमी आहेत, हें विचारतांच सांगतें. त्यास पाटी लागत नाहीं कीं पेन्सिल लागत नाहीं.

शाळा उघडल्यावर तेंच पोर फळ्यासमोर उभें राहतें. फळ्यावर ६३ खालीं २७ मांडून वजाबाकी करावयास सांगितली जाते. पोर उत्तर लिहितें ४४. गुरुजी त्यावर फुली मारतात आणि वर्गांतील आणखी एका मुलावर ‘ढ’ असा शिक्का बसतो. सत्तरांतून सत्तेचाळीस गेले तर किती उरले हें ओसरीवर बिनचूक सांगणारें मूल फळ्यासमोर एकाएकीं बुद्धिहीन कसें झालें? हाच आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे.

कोणी म्हणेल कीं ही संपादकाची कल्पना झाली, पुरावा कोठें आहे? पुरावा आहे, आणि तो चांगला भरभक्कम आहे. कलकत्ता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची कांहीं अर्थशास्त्रज्ञांनीं परीक्षा घेतली व तिचे निष्कर्ष २०२५ सालीं ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. या मंडळींत नोबेल पारितोषिकाचे मानकरी अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो हेही होते. असें आढळून आलें कीं जवळजवळ सगळीं मुलें दुकानावर अवघड गुणाकार-बेरजा तोंडीं करून मोड बरोबर परत देत. परंतु तितकींच, किंबहुना त्याहून सोपीं, उदाहरणें शाळेच्या पद्धतीनें कागदावर मांडून दिलीं कीं तीं अडखळत. उलट शेजारच्या शाळांतील मुलें कागदावरील सोपीं उदाहरणें त्यांच्याहून बरीं सोडवीत. पण बाजारांतला हिशेब त्यांच्यापुढें ठेवला कीं त्यांची गाडी रुतत असे. ब्राझील देशांतील रेसिफे शहरीं रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांविषयीं १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांतही हेंच दिसलें होतें. म्हणजे दोष एकट्या भंडारा जिल्ह्याचा नाहीं, मुलाच्या जातीचा नाहीं आणि त्याच्या मेंदूचाही नाहीं. बाजार आणि शाळा यांच्या मधल्या ओढ्यावर पूल बांधला गेला नाहीं. आणि या कांठावरचीं मुलें या कांठावर, त्या कांठावरचीं त्या कांठावर राहिलीं.

या अडचणीचा आकार केवढा आहे हेंही पाहावें. ‘असर’ या नांवानें ग्रामीण मुलांच्या वाचनाची व अंकज्ञानाची पाहणी २००५ सालापासून होत आली आहे. तिच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें ग्रामीण भारतांत तिसरीच्या मुलांपैकीं शेंकडा ३३.७ मुलांसच हातच्याची दोन अंकी वजाबाकी साधली, आणि पांचवीच्या शेंकडा ३०.७ मुलांसच तीन अंकी संख्येस एका अंकानें भागतां आलें. हे आंकडे पूर्वीच्या पाहण्यांपेक्षां बरे आहेत हें कबूल करूं. पण ज्या शेतांत शंभर रोपांपैकीं चौतीसच रोपें धरतात, तेथें रोपांस दोष देणारा शेतकरी आम्हीं पाहिला नाहीं. तो चिखलणी, पाणी आणि लावणी कशी झाली हें पाहतो.

या रोगाचें निदान करणारे वैद्य आपल्याकडे दोन प्रकारचे आहेत. पहिले जुन्या वळणाचे. ते म्हणतात, “आमच्या वेळीं तिसांपर्यंत पाढे पाठ असत, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळें तोंडपाठ. आतांच्या मुलांस पाठांतर नको, म्हणून हा अनर्थ.” दुसरे नव्या वळणाचे. ते म्हणतात, “पाठांतर हाच शत्रु, मुलांस मोकळें सोडा, गणित आपोआप उमलेल.” आमच्या मतें दोघांच्याही हातीं अर्धें सत्य आहे, आणि अर्धें सत्य घेऊन भांडणारे पक्षकार न्यायालयांतही फार वेळ घेतात.

जुन्या मंडळींनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पावकी-निमकी ही कांहीं केवळ बुद्धीची कसरत नव्हती. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, आणि पैशाच्या तीन पै. मणाचे शेर चाळीस आणि शेराच्या छटाका सोळा. अशा व्यवहारांत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे पाठ नसते तर दुकानदाराचा दिवस मावळला असता, पण हिशेब संपला नसता. १ एप्रिल १९५७ रोजीं शंभर नव्या पैशांचा रुपया आला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम व मीटर यांचा अंमल सुरू झाला, आणि ज्या कामासाठीं ते पाढे जन्मास आले होते तें कामच संपलें. तेव्हां औटकी गेली म्हणून रडण्याचें कारण नाहीं. रडावयाचेंच असेल तर तें याकरितां कीं, जुन्या पंतोजीच्या शाळेंतलें गणित आणि तिच्या बाहेरच्या पेठेंतला हिशेब यांत जें नातें होतें, तेंही आपण त्याबरोबरच टाकून दिलें. पंतोजीची छडी टाकण्याजोगी होती. त्याच्या शाळेचें दार ठराविक जातींच्या मुलग्यांसच उघडें होतें, हें तर मोडून टाकण्याजोगेंच होतें. पण मुलगा सकाळीं जें घोकी तें संध्याकाळीं दुकानावर वापरी, ही गोष्ट टाकण्याजोगी नव्हती.

आमच्या सुधारकांनीं हें नातें ओळखलें होतें. महात्मा फुले यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें जें निवेदन केलें त्यांत प्राथमिक शाळेंत काय शिकवावें याची यादी आहे. तींत मोडी व बाळबोध वाचन-लेखनाला लागूनच हिशेबास स्थान आहे. शेतकऱ्याच्या मुलास हिशेब आला तरच कागदाच्या जुलमांतून त्याची सुटका होईल, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. पुढें गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल वरिष्ठ कायदेमंडळांत आणलें. १९१२ सालीं तें नामंजूर झालें. हे गोखले मूळचे शिक्षक, आणि त्यांचें अंकगणिताचें पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून चाललें. सरकारच्या अंदाजपत्रकावर त्यांनीं केलेलीं भाषणें राज्यकर्त्यांस अडचणींत टाकीत, याचें एक कारण हेंच कीं त्यांस दुसऱ्यानें केलेली बेरीज तपासतां येत असे. आंकडा तपासण्याची ही शक्ति घरोघर जावी, हें स्वराज्याचें काम आहे. आणि तें अजून पुरें झालेलें नाहीं.

आतां शिकविण्याच्या रीतीकडे वळूं. मराठी मुलाच्या वाटेंतला पहिला खळगा संख्यांच्या नांवांतच आहे. आपण लिहितों ६३, म्हणजे दशक आधीं व सुटे मागून. पण वाचतों ‘त्रेसष्ट’, म्हणजे तीन आधीं व साठ मागून. मूल कानानें जें ऐकतें तें इमानानें लिहितें आणि ३६ लिहून मोकळें होतें. पुढें ‘एकोणसाठ’ येतें. त्यांत साठ ऐकूं येतात, पण लिहावयाचे असतात पन्नास आणि नऊ. एकोणतीस, एकोणचाळीस करीत करीत एखादें चलाख मूल शेवटीं ‘एकोणशंभर’ म्हणतें, तर त्यास हंसून ‘नव्व्याण्णव’ म्हणावयास सांगण्यांत येतें. वास्तविक नियम पाळला मुलानें, आणि मोडला भाषेनें!

२०१९ सालीं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत बालभारतीनें ‘वीस एक’, ‘सत्तर तीन’ अशी वाचनाची रीत जुन्या नांवांच्या जोडीस दिली, तेव्हां केवढा गहजब झाला हें वाचकांस आठवत असेल. मराठी बुडाली अशी ओरड झाली, विधिमंडळांत विनोद झाले, आणि लोकांच्या आडनांवांचीही फोड करून पाहण्यांत आली. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनीं शांतपणें सांगितलें कीं जुनीं नांवें काढलेलीं नाहींत. जोडाक्षरें न आलेल्या लहान मुलांस चढावयास सोपी अशी एक पायरी दिली आहे. आणि कानडी, तेलुगु, तमिळ व इंग्रजी या भाषांत दशक आधींच उच्चारतात. मंगलाबाई २०२३ सालीं निवर्तल्या. त्यांच्या हयातींत त्यांचें म्हणणें जितक्या शांतपणें ऐकून घ्यावयास पाहिजे होतें तितकें घेतलें गेलें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

याच प्रश्नाचा निकाल नॉर्वे देशानें कसा लावला तें पाहण्याजोगें आहे. तेथेंही पूर्वीं ‘एक आणि वीस’ अशी सुटे आधीं सांगण्याची चाल होती. टेलिफोनचे आंकडे सांगतांना घोटाळे होतात म्हणून १९५१ सालीं ‘वीस एक’ ही रीत सरकारनें अधिकृत केली. शाळेंत व कचेरींत नवी रीत आली, घरच्या बोलण्यांत जुनीही कानांवर येत राहिली, आणि नॉर्वेची भाषा कांहीं बुडाली नाहीं. आमचें मत असें कीं ‘त्रेसष्ट’ हा शब्द मराठीचा ठेवा आहे, तो मुलास आलाच पाहिजे. पण माडीवर चढण्यास शिडी लावली म्हणून माडीचा अपमान होत नाहीं. ‘साठ तीन’ ही शिडी आहे. वर्षभर ती वापरावी, मूल वर चढलें कीं बाजूस ठेवावी.

नाकाडोंगरीकडील मुलास तर ही शिडी अधिकच हवी. शाळेच्या पुस्तकांत ‘पंचेचाळीस’, सीमेवरच्या बाजारांत हिंदींतून ‘पैंतालीस’, आणि घरीं झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी. हिंदींतील ‘उन्यासी’ म्हणजे आपले एकोणऐंशी, पण ‘नवासी’ म्हणजे एकोणनव्वद! एका लहानग्याच्या डोक्यांत नांवांच्या दोन-तीन माळा एकमेकींत अडकलेल्या असतात. त्या सोडवून देण्यास एकच उपाय आहे: तिन्ही भाषांत सारखीच दिसणारी वस्तु त्याच्या हातांत द्यावयाची.

ती वस्तु म्हणजे काड्या. बांबूच्या किंवा तुरीच्या काड्यांस पैसे पडत नाहींत. दहा काड्यांचा एक गठ्ठा दोऱ्यानें बांधावा. उरलेल्या त्या सुट्या. सहा गठ्ठे आणि तीन सुट्या म्हणजे त्रेसष्ट, ‘साठ तीन’, आणि ६३. हातांतली वस्तु, तोंडांतला शब्द आणि पाटीवरची खूण तीन्ही एकाच वेळीं भेटलीं. आतां यांतून सत्तावीस द्यावयाच्या आहेत. सुट्या तीनच, सात कोठून द्यावयाच्या? मूल आपणच एका गठ्ठ्याचा दोरा सोडतें. पांच गठ्ठे आणि तेरा सुट्या झाल्या. त्यांतून दोन गठ्ठे आणि सात सुट्या दिल्या. उरले तीन गठ्ठे आणि सहा सुट्या, म्हणजे छत्तीस. ‘हातचा’ म्हणतात तो हाच सोडलेला गठ्ठा. ज्या मुलानें तो दोरा स्वतः सोडला नाहीं त्यास ‘शेजाऱ्याकडून एक उसना घे’ असें सांगणें म्हणजे मंत्र सांगणें होय. आणि मंत्र चुकला कीं देव कोपतो, एवढेंच त्यास कळतें.

दुसरी रीत दुकानदाराची. त्रेसष्ट रुपयांतून सत्तावीस वजा करावयाचे असतां अनुभवी दुकानदार हातचा घेतच नाहीं. तो सत्तावीसपासून वर चढतो: तीन दिले, तीस झाले, तीस दिले, साठ झाले, आणखी तीन, त्रेसष्ट. दिले किती? छत्तीस. ही रीत शुद्ध गणित आहे. तींत कमीपणा कांहीं नाहीं. शिक्षकानें ती वर्गांत मानानें बोलावून आणावी व काड्यांच्या रीतीशेजारीं बसवावी. दोन वाटांनीं एकच उत्तर आलें कीं मुलास आपल्या उत्तराचा भरंवसा येतो. आणि भरंवसा हेंच गणिताचें अर्धें शिक्षण आहे.

तिसरी गोष्ट अपूर्णांकांची. एक पाव अधिक एक अर्धा, असें पांचवीच्या मुलास आंकड्यांत मांडून दिलें तर वरचे वरच्यांत आणि खालचे खालच्यांत मिळवून तें दोन षष्ठांश असें उत्तर लिहितें. म्हणजे अर्ध्यांत पाव मिळविला आणि उत्तर अर्ध्याहूनही कमी आलें! त्याच मुलास किराणा दुकानांत पाठवा. पाव किलो साखर आणि अर्धा किलो साखर मिळून पाऊण किलो होते हें तें झोपेंतही सांगेल. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द म्हणजे मराठीनें मुलास जन्मतःच दिलेली ठेव आहे. सव्वाशें म्हणजे १२५ आणि अडीच हजार म्हणजे २,५०० हें ज्याच्या कानांत मुरलें आहे त्यास अपूर्णांकांचा गुणाकार परका नाहीं. जुन्या पावकींतून शिकण्याजोगें हेंच आहे. तें पाठांतर परत आणूं नये. त्या शब्दांतला अर्थ परत आणावा.

पाढे मात्र पाठ हवेतच, याविषयीं आम्हांस संशय नाहीं. प्रत्येक वेळीं सात आठे छप्पन्न मोजून काढीत बसणारें मूल मोठ्या उदाहरणाच्या अर्ध्या वाटेवरच दमतें. परंतु आधीं पाढा बांधावा, मग घोकावा. सात दुणे चौदा, त्याची दुप्पट सात चोक अठ्ठावीस, त्याची दुप्पट सात आठे छप्पन्न, हें ज्यानें एकदां स्वतः रचलें, तो विसरला तरी पुन्हां रचूं शकतो. आणि तेंदूपानांचें पुडकें सत्तरांचें असल्यामुळें आठ पुडक्यांचीं पानें पांचशें साठ, हें या भागांतील मुलास सांगतांना पाढा पुस्तकांतून उठून अंगणांत येतो.

चौथी गोष्ट आमच्या धंद्यांतली आहे. आरोपीस आपली बाजू मांडूं दिल्याखेरीज शिक्षा देऊं नये, हें न्यायाचें पहिलें सूत्र. मग ६३ मधून २७ जाऊन ४४ उरले असें लिहिणाऱ्या मुलास फुली मारण्यापूर्वीं “तूं हें कसें केलेंस?” एवढें कोणी विचारतें काय? विचारलें तर तें सांगेल, “सातांतून तीन गेले, चार राहिले, सहांतून दोन गेले, चार राहिले.” त्याला कोणीतरी ‘मोठ्यांतून लहान वजा करावा’ असा नियम शिकविला होता, तो त्यानें प्रामाणिकपणें पाळला. येथें चूक हा गुन्हा नाहीं, पुरावा आहे. हा पुरावा वाचणाऱ्या शिक्षकास औषध कोठें लावावयाचें तें कळतें. फुली मारणाऱ्यास फक्त रोगी मोजतां येतात. आणि ज्यांस एकाच ठिकाणीं अडचण आहे अशा निरनिराळ्या इयत्तांच्या मुलांस रोज तासभर एकत्र बसवून त्यांच्या पायरीवरून शिकविलें तर लवकर गुण येतो, हा मुंबईंत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेचा अनुभव आहे. दोन शिक्षकांच्या खेड्यांतील शाळेस तर ही रीत अंगच्या कपड्यासारखी बसते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, बाजाराचा हिशेब शाळेंत आणला तर मजुराचें पोर मजूरच राहील. त्यास उच्च गणित कधीं येणार? आक्षेप योग्य आहे, म्हणूनच आम्ही पुलाची भाषा बोलतों. पूल हें राहण्याचें ठिकाण नव्हे. काड्यांवरून आंकड्यांवर, आंकड्यांवरून अक्षरांवर, म्हणजे बीजगणितावर, मूल गेलेंच पाहिजे. ज्या देशांत ११५० सालच्या सुमारास भास्कराचार्यांनीं ‘लीलावती’ रचली, व तींत भुंगे, हंस, मोर यांच्या गोष्टींतून गणित सांगितलें, त्या देशास वस्तूवरून विचारावर जाण्याची वाट परक्यांकडून शिकावयास नको. कलकत्त्याच्या बाजारांतल्या मुलांचें दुर्दैव तीं बाजारांत शिकलीं हें नाहीं. त्यांस कोणी पलीकडे नेलें नाहीं, हें आहे.

दुसरा आक्षेप, आतां प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल आहे. हिशेब यंत्र करील, मुलानें कां डोकें शिणवावें? यंत्र गुणाकार करून देईल हें खरें. कोणत्या आंकड्यास कोणत्या आंकड्यानें गुणावयाचें हें सांगणार नाहीं. २०२४-२५ च्या हंगामांत साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २,३०० रुपये होता. चाळीस किलोच्या एका कट्ट्याचे किती? ९२० रुपये. बारा कट्ट्यांचे ११,०४० रुपये. शेतकऱ्याच्या हातीं दहा हजार चाळीस रुपये पडले, तर आंकडा डोळ्यांस खुपला पाहिजे. तो ज्यास खुपत नाहीं त्याच्या खिशांतलें यंत्र खिशांतच राहतें. तसेंच ‘शेंकडा तीन रुपये महिना’ हें ऐकावयास थोडें वाटतें. वर्षाचे तें शेंकडा छत्तीस होतात. बोटाच्या ठशाऐवजीं आतां मोबाइलवर बोट टेकवून कर्ज घेतां येतें. अंगठा तोच, फक्त शाई गेली.

शेवटीं कोणी काय करावें तें सांगतों. सरकारनें जुलै २०२१ मध्यें ‘निपुण भारत’ हें अभियान काढलें व २०२६-२७ पर्यंत तिसरी संपतांना प्रत्येक मुलास वाचन व अंकज्ञान यावें असें ठरविलें. संकल्प उत्तम आहे. पण संकल्पानें पीक येत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमानें जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज शिक्षकास शाळेबाहेरच्या कामास जुंपण्याची मनाई आहे. त्या कलमाचा मान राखला जातो कीं नाहीं, हें जिल्हा परिषदेनें स्वतःस विचारावें. त्याच कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणें शाळा व्यवस्थापन समितींत तीनचतुर्थांश सभासद पालक असावयाचे आहेत. या पालकांनीं केवळ रंगरंगोटीच्या ठरावांवर सही करून उठूं नये, वर्गांत जाऊन एखाद्या मुलास “हातचा म्हणजे काय रे?” एवढें विचारावें. उत्तर काय येतें त्यावरून शाळेची खरी तपासणी होईल.

आणि तुमसर-भंडाऱ्याच्या व्यापारी मंडळींस आमची विनंति आहे. तुमच्या दुकानावर सामान घेण्यास येणारें मूल हें तुमचें गिऱ्हाईक आहे, तसेंच तें अर्धा क्षण तुमचा विद्यार्थीही आहे. मोड मुकाट्यानें त्याच्या हातांत कोंबूं नका. “सत्तावीस, हे तीस, हे साठ, हे त्रेसष्ट” असें मोठ्यानें मोजून द्या. तराजूचा आंकडा त्यास वाचूं द्या. त्याचा हिशेब तुमच्याहून निराळा आला तर रागावूं नका, पुन्हां करून दाखवा. यास देणगी लागत नाहीं, समारंभ लागत नाहीं, कीं कोनशिलेवर नांव कोरावें लागत नाहीं. प्रामाणिक व्यापाऱ्यास हिशेब कळणाऱ्या गिऱ्हाइकाचें भय कधींच नव्हतें.

देश मोठा झाला कीं नाहीं हें आम्ही नाकाडोंगरीच्या त्या पोरावरून ठरवूं. ज्या दिवशीं तें आपल्या आईच्या मजुरीचा कागद हातीं घेऊन, पुडकीं मोजून, दर गुणून, “येथें चूक आहे” असें निर्भयपणें सांगेल, आणि समोरचा मनुष्य कागद परत घेऊन ती चूक सुधारील, त्या दिवशीं फुल्यांची यादी आणि गोखल्यांचें बिल हीं दोन्ही खऱ्या अर्थानें मंजूर झालीं असें आम्ही समजूं.